मॅलॉकने ‘नाही’ म्हटलं तर काय करायचं?

सी भाषेच्या क्रमिक पुस्तकात मॅलॉक, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन, आला की लगेच खाली दोन ओळी येतात: पॉइंटर नल (मेमरी न मिळाल्याची खूण) आहे का बघा, असेल तर ‘मेमरी नाही’ असं छापा आणि बाहेर पडा. प्रॅक्टिकलच्या वहीवर तेवढ्याने सही मिळते. पण या दोन ओळी लिहिणं हा कामाचा सोपा भाग आहे. नल आला तेव्हा हातात अर्धवट काम असेल तर त्याचं काय करायचं, हे ठरवणं अवघड. आणि त्या ओळी खरोखर चालतात की नाही हे बहुतेक जण कधी बघतच नाहीत. मी तरी त्या शेवटच्या भागाला सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

उदाहरणासाठी एकच प्रोग्राम धरू. वाचनालयाच्या सभासदांची नावं एका फाइलीतून ओळीओळीने वाचायची, ॲरेत साठवायची आणि वर्णानुक्रमे लावून छापायची. नावं किती आहेत ते आधी माहीत नाही. कोडचे तुकडे इथे वाचण्यासाठी देवनागरीत दिले आहेत. कंपाइलरला अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं लागतात.

आधी एक शंका: क्रॅश तर होणारच, मग तपासायचं कशाला?

हा प्रश्न चांगले प्रोग्रामरही विचारतात. नल पॉइंटरवर लिहिलं की सेग्मेंटेशन फॉल्ट (नको त्या पत्त्याला हात लावल्याची चूक) येतो आणि प्रोग्राम जागीच थांबतो; तपासून थांबवला काय किंवा न तपासता मेला काय, सारखंच, असा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. शून्य पत्त्यापाशी ऑपरेटिंग सिस्टिम थोडीच जागा राखून ठेवते. लिनक्सवर ती सहसा ६४ केबी असते. ‘नावे’ नल असताना नावे[०] मध्ये लिहिलंत तर क्रॅश होईल. पण ६४-बिट मशीनवर नावे[५०००००] मध्ये लिहिलंत तर तो पत्ता शून्यापासून ४० लाख बाइट पुढचा असतो. तिथे प्रोग्रामचंच दुसरं काही असेल तर ते बिघडतं आणि प्रोग्राम काही झालंच नाही असा पुढे चालत राहतो. २००८ मध्ये मार्क डाउड या सुरक्षा संशोधकाने ॲडोबी फ्लॅश प्लेअरमधला नेमका असा दोष उघड केला. मेमरीची मागणी फसत होती, कोणी तपासत नव्हतं, आणि नलपासून किती अंतरावर लिहायचं ते हल्लेखोराला ठरवता येत होतं.

छोट्या चिपवर तर क्रॅशचीही खात्री नाही. आर्डुइनो उनो (आर३) या छोट्या बोर्डाच्या चिपमध्ये रॅम आहे फक्त २ केबी, त्यामुळे तिथे मॅलॉक खरोखर नल देतो, आणि लवकर देतो. त्या चिपवर पत्ता शून्यपासून पुढचे ३२ बाइट म्हणजे प्रोसेसरची स्वतःची रजिस्टरं. नलवर लिहिलंत की तीच बदलतात, आणि मग एलईडी भलत्याच वेळी का लुकलुकतो हे शोधत रात्र जाते.

पायरी १: मागणी नीट करा, आणि पुढच्याच ओळीत तपासा

```
नावे = मॅलॉक(क्षमता * साइझऑफ(*नावे));
इफ (नावे == नल) {
    /* इथे काय करायचं ते पायरी ५ मध्ये */
}
```

साइझऑफच्या कंसात प्रकाराचं नाव न देता ‘*नावे’ दिलं आहे. उद्या ॲरेचा प्रकार बदलला तर ही ओळ आपोआप बरोबर राहते. मॅलॉकच्या आधी कास्ट (कंसात लिहिलेलं प्रकाराचं नाव) लावण्याची सवय असेल तर सोडून द्या. सीमध्ये त्याची गरज नाही, सी प्लस प्लसमध्ये आहे. जुन्या कंपाइलरवर ते कास्ट अपायच करायचं. स्टडलिब हेडर जोडायला विसरलात तर कंपाइलर मॅलॉक इंट परत देतो असं गृहीत धरायचा, आणि कास्टमुळे त्याची सूचना दाबली जायची.

‘पुढच्याच ओळीत’ यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. आधी पॉइंटर वापरला आणि मग नल आहे का ते पाहिलं, तर कंपाइलर म्हणतो: वापरला म्हणजे नल नसणारच, मग तपासणी हवी कशाला? आणि ती काढून टाकतो. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, टन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये हेच घडलं. तपासणी सोर्समध्ये दिसत होती, पण जीसीसी या कंपाइलरने तयार केलेल्या कोडमध्ये नव्हती, आणि त्यातून घुसखोरीची वाट उघडी झाली. तिथला पॉइंटर मॅलॉकमधून आलेला नव्हता, पण नियम तोच लागू होतो.

तपासणीसाठी असर्ट (अट खोटी ठरली तर प्रोग्राम थांबवणारी ओळ) वापरू नका. रिलीजसाठी कंपाइल करताना एनडीबग व्याख्यायित केलं की सगळे असर्ट गायब होतात. म्हणजे तपासणी नेमकी ग्राहकाच्या मशीनवरून नाहीशी होते.

पायरी २: गुणाकाराकडे बघा

मॅलॉक नल देतो तेव्हा निदान कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे मॅलॉक ‘हो’ म्हणतो, पण तुम्ही मागितलं त्यापेक्षा खूप कमी देतो.

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचा टर्बो सी वर्षानुवर्षं चालला. त्यात इंट २ बाइटचा आणि आकार मोजणारा साइझ_टी १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे आकडाच नाही. २०० गुणिले २०० च्या मॅट्रिक्ससाठी ८०,००० बाइट लागतात. गुणाकार १६ बिटांत मावत नाही, ६५,५३६ गळून पडतात आणि मॅलॉकपर्यंत पोहोचतो आकडा १४,४६४. तेवढी मेमरी तो आनंदाने देतो. नल तपासलंत? तपासलं, नव्हता. मग मॅट्रिक्सच्या अर्ध्यापर्यंतही न पोहोचता प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत लिहायला लागतो.

३२-बिट मशीनवर हाच खेळ मोठ्या आकड्यांनी होतो. १,०७,३७,४१,८२५ घटक, प्रत्येकी ४ बाइट. गुणाकार गुंडाळला जाऊन मागणी उरते फक्त ४ बाइटची. घटकांची संख्या फाइलीतून किंवा नेटवर्कवरून येत असेल तर असा आकडा कोणी मुद्दाम पाठवेल, हे धरूनच चाला.

उपाय सोपा आहे. ॲरेसाठी मॅलॉकऐवजी कॅलॉक वापरा. त्याला संख्या आणि आकार वेगवेगळे दिले जातात, आणि आजच्या चांगल्या लायब्ररींमध्ये गुणाकार मावत नसेल तर तो नल देतो. शिवाय सगळे बाइट शून्य करून देतो. आहे तो ॲरे वाढवायचा असेल तर रिॲलॉकॲरे आहे. तो ओपनबीएसडीमधून आला आणि २०१७ पासून लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्येही मिळतो. हे दोन्ही नसतील तर मागणीच्या आधी स्वतः तपासा: संख्या ही साइझ_टीच्या कमाल किमतीला एका घटकाच्या आकाराने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी असेल, तर मॅलॉकला हाक मारूच नका.

एक बारीक गोष्ट: शून्य बाइट मागितले तर मॅलॉक नल देऊ शकतो किंवा न वापरता येणारा पत्ताही देऊ शकतो, प्रमाण सीने दोन्ही मान्य केलं आहे. सभासदांची फाइल रिकामी असेल तर ‘मेमरी संपली’ असा खोटा संदेश येऊ शकतो. शून्य ही वेगळी स्थिती समजून आधीच हाताळा.

पायरी ३: रिॲलॉकचा सापळा

ॲरे भरला की रिॲलॉकने, म्हणजे आधी घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने, क्षमता दुप्पट करायची. नवशिक्याच्या कोडमध्ये ही ओळ हमखास सापडते:

```
नावे = रिॲलॉक(नावे, नवी_क्षमता * साइझऑफ(*नावे));
```

रिॲलॉक फसला तर तो नल देतो, पण जुनी मेमरी जशीच्या तशी ठेवतो. ही चांगली सोय आहे, कारण आधी वाचलेली नावं शाबूत असतात. पण वरच्या ओळीने त्या नावांचा एकमेव पत्ता नलने पुसून टाकला. आता ती वापरता येत नाहीत आणि फ्रीने त्यांची मेमरी परतही करता येत नाही. लिहायचं ते असं:

```
तात्पुरता = रिॲलॉक(नावे, नवी_क्षमता * साइझऑफ(*नावे));
इफ (तात्पुरता == नल)
    गोटू आवरा;
नावे = तात्पुरता;
क्षमता = नवी_क्षमता;
```

‘आवरा’ हा भाग पायरी ५ मध्ये येतो. शेवटच्या ओळीची जागा महत्त्वाची आहे. क्षमता आधी वाढवली आणि मग रिॲलॉक फसला, तर प्रोग्रामला वाटतं जागा आहे, आणि ती नसते. ॲरे छोटा करताना रिॲलॉकला शून्य आकार कधीच देऊ नका. सीच्या सी२३ या प्रमाणात त्याचं वर्तन अव्याख्यायित, म्हणजे काहीही होऊ शकेल असं, ठरवलं गेलं आहे. मोकळं करायचं असेल तर सरळ फ्री वापरा.

पायरी ४: लपलेल्या मागण्या

तुमच्या कोडमध्ये मॅलॉक हा शब्द दोनदाच असेल, पण मेमरी मागणारी फंक्शनं त्याहून जास्त असतात. स्ट्रडुप प्रत्येक नावाची प्रत बनवताना मॅलॉक वापरतो आणि तोही नल देऊ शकतो. ओळ वाचणारा गेटलाइन आणि फाइल उघडणारा एफओपन हेही मेमरी मागतात. मजकूर जुळवून नव्या मेमरीत ठेवणारा आसप्रिंटएफ अपयशी झाला तर उणे १ देतो, आणि त्याला दिलेल्या पॉइंटरमध्ये काय असेल याची हमी नसते. तिथे पॉइंटर न तपासता परत आलेला आकडा तपासा.

व्हीएलए म्हणजे चालू वेळी लांबी ठरणारा ॲरे, किंवा अलोका, यांच्या बाबतीत तपासायची सोयच नाही. ते स्टॅकवर (फंक्शनच्या स्थानिक चलांच्या जागेत) बसतात, आणि लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीच असतो. फाइलीतल्या आकड्यावर लांबी ठरत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५: नल आला. आता?

हे प्रोग्राम कसला आहे यावर ठरतं, आणि ते कोड लिहायच्या आधी ठरवावं.

टर्मिनलवर चालून संपणारं छोटं साधन असेल तर संदेश देऊन बाहेर पडणं पूर्ण सन्मान्य आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिटही आतून हेच करतो: एक्समॅलॉक नावाचं वेष्टन-फंक्शन आहे, मेमरी मिळाली तर ती देतं, नाहीतर प्रोग्राम थांबवतं. असं फंक्शन एकदा लिहिलं की प्रत्येक ठिकाणी इफ लिहावा लागत नाही. संदेश एसटीडीएररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांच्या वाटेवर, लिहा. तो बफरमध्ये अडकत नाही. नेहमीच्या छपाईच्या एसटीडीआउटला मात्र पहिल्या वेळी बफरसाठी मेमरी लागू शकते, आणि तीच तर संपलेली आहे. बाहेर पडताना शून्य सोडून दुसरा कोड द्या.

लायब्ररी लिहित असाल तर मात्र प्रोग्राम बंद करणाऱ्या एक्झिटला हात लावू नका. तुमचं फंक्शन कोणाच्या प्रोग्राममध्ये चालतंय, त्याने कोणती फाइल न साठवता उघडी ठेवली आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. एरर परत द्या, निर्णय त्याचा. जीलिब या लायब्ररीने उलट बाजू घेतली आहे. तिचा नेहमीचा जी_मॅलॉक मेमरी नसेल तर प्रोग्रामच बंद करतो, आणि ज्यांना नल हवा त्यांच्यासाठी जी_ट्राय_मॅलॉक वेगळा ठेवला आहे. डेस्कटॉपच्या प्रोग्रामांसाठी तो विचार समजतो, पण मोटारीच्या किंवा वैद्यकीय यंत्राच्या कोडमध्ये मी तो स्वीकारणार नाही.

तिसरी वाट म्हणजे कमी मेमरीत तेच काम करणं. ग्लिबसीमधला क्यूसॉर्ट अनेक वर्षं असाच होता. तो मर्ज सॉर्टसाठी जादा जागा मागायचा, नाही मिळाली तर जागच्या जागी चालणाऱ्या क्विकसॉर्टवर जायचा. आपली नावं दोन्हीकडे नीट लागायची, वापरणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

आपल्या प्रोग्रामपुरतं काय? ४०,००० नावं वाचून झाली आणि पुढच्या नावाला स्ट्रडुप फसला, तर वाचलेली नावं लावून छापावीत का? माझं मत: नाही. अपुरी यादी पूर्ण असल्यासारखी छापणं हे काहीच न छापण्यापेक्षा वाईट, कारण कोणाला संशयच येत नाही. म्हणून सगळं आवरायचं, एरर द्यायची. आवरण्यासाठी गोटू वापरा. कॉलेजात त्याला कितीही नावं ठेवली असोत, लिनक्स कर्नलच्या कोडिंग शैलीत या कामासाठी गोटूचीच शिफारस आहे.

```
आवरा:
    फॉर (क = ०; क < संख्या; क++)
        फ्री(नावे[क]);
    फ्री(नावे);
    इफ (फाइल != नल)
        एफक्लोज(फाइल);
    रिटर्न निकाल;
```

हे चालण्यासाठी फंक्शनच्या सुरुवातीला प्रत्येक पॉइंटर नल, संख्या शून्य आणि निकाल उणे १ करून ठेवा. फ्रीला नल दिला तरी चालतं, तो काहीच करत नाही. एफक्लोजला नल चालत नाही, म्हणून तिथे इफ आहे. आणि ‘संख्या’ स्ट्रडुप यशस्वी झाल्यावरच वाढवा.

पायरी ६: लिनक्सचं ‘हो’ म्हणजे काय

इथे नवशिका हमखास गोंधळतो. लूपमध्ये १ जीबी मागत राहणारा प्रोग्राम ८ जीबीच्या लॅपटॉपवर चालवा. शंभराव्या वेळीही मॅलॉक नल देत नाही. लग्नाची आमंत्रणं हजार जातात आणि ताटं सहाशेच मांडली जातात, तसा लिनक्सचा व्यवहार आहे: मागितलेली सगळी मेमरी सगळे जण वापरत नाहीत हा त्याचा अनुभव. मॅलॉक फक्त पत्ते देतो. खरी रॅम त्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिता तेव्हा लागते. याला ओव्हरकमिट म्हणतात.

सगळेच पाहुणे आले तर? मग कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस निवडून मारतो. तिला मिळतो सिग्नल ९, जो पकडता येत नाही, म्हणून तुमची तपासणी चालायची वेळच येत नाही. टर्मिनलवर परतीचा कोड १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक ९. डॉकरच्या कंटेनरला (प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवणाऱ्या पेटीला) मेमरीची मर्यादा घातली असेल तिथेही सहसा हाच प्रकार दिसतो. लॉग शोधून शोधून ‘मेमरी नाही’ हा तुमचा संदेश सापडत नाही, तेव्हा आधी हा आकडा बघा.

प्रॉक या कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरमधली ओव्हरकमिट_मेमरी ही फाइल वाचलीत तर तुमच्या मशीनचं धोरण कळतं. ० हे नेहमीचं: अगदीच अवाजवी मागणी नाकारायची, बाकी सोडायच्या. १ म्हणजे सगळ्याला हो. २ म्हणजे कडक हिशेब, त्यात मर्यादा असते स्वॅप अधिक रॅमचा ठराविक हिस्सा, सहसा ५० टक्के. विंडोज दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवतं. रॅम आणि पेजफाइल मिळून होणारी मर्यादा भरली की तिथे मॅलॉक नल देतो. म्हणून ‘लिनक्सवर नल येतच नाही’ हे ऐकून तपासणी सोडू नका. यूलिमिट (शेलमधून प्रोसेसला घातलेली मर्यादा), ३२-बिट पत्ते, चुकून उणे झालेला आणि म्हणून अवाढव्य दिसणारा आकार, यांतल्या कशानेही लिनक्सवरसुद्धा नल येतो.

पायरी ७: मुद्दाम नापास करा

सगळ्यात स्वस्त चाचणी यूलिमिटची. टर्मिनलमध्ये कंसात ‘यूलिमिट -व्ही ५००००’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव द्या. आकडा किलोबाइटमध्ये असतो, म्हणजे सुमारे ५० एमबी पत्ते. कंस यासाठी, की मर्यादा त्या सब-शेलपुरतीच राहावी. आता मोठी फाइल द्या आणि बघा, संदेश येतो की सेग्मेंटेशन फॉल्ट. ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपाइलरची सोय) लावलेला प्रोग्राम मात्र असा चालवता येत नाही. तो सुरुवातीलाच टेराबाइटांत पत्ते राखून ठेवतो, आणि मर्यादेमुळे उभाच राहत नाही.

यूलिमिटने अपयश येतं, पण कुठे येईल ते आपल्या हातात नसतं. त्यासाठी मधे स्वतःचं फंक्शन घाला:

```
स्टॅटिक लाँग क्रमांक = ०;
लाँग नापास_क्रमांक = ०;

व्हॉइड *माझा_मॅलॉक(साइझ_टी बाइट)
{
    क्रमांक++;
    इफ (क्रमांक == नापास_क्रमांक)
        रिटर्न नल;
    रिटर्न मॅलॉक(बाइट);
}
```

रिॲलॉक आणि स्ट्रडुपसाठीही अशीच जोडी करा, क्रमांक सगळ्यांचा एकच ठेवा. नापास_क्रमांक गेटएन्व्हने (एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या फंक्शनने) बाहेरून वाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. कोडमधलं प्रत्येक नाव बदलायचं नसेल तर लिंकरचा ‘रॅप’ पर्याय तुमचे मॅलॉक अशा फंक्शनकडे वळवतो, फक्त त्याचं आणि आतल्या खऱ्या मॅलॉकचं नाव लिंकरच्या नियमाप्रमाणे लिहावं लागतं; स्ट्रडुपच्या पोटातला मॅलॉक मात्र त्याने वळत नाही, म्हणून स्ट्रडुपलाही वेगळा रॅप लावावा लागतो.

आता पहिली मागणी नापास करा. मग फक्त दुसरी. मग तिसरी. एसक्यूलाइट या डेटाबेसची चाचणी याच पद्धतीने होते, आणि तीही दोन तऱ्हांनी: एकदा त्या क्रमांकाची एकच मागणी फसते, एकदा तिथून पुढच्या सगळ्याच. दुसरी तऱ्हा गाळू नका. आवरताना कोणी पुन्हा मेमरी मागत असेल तर ते तिथेच उघडं पडतं. वरच्या फंक्शनमध्ये त्यासाठी ‘==’ च्या जागी ‘>=’ करायचं आणि नापास_क्रमांक शून्यापेक्षा मोठा आहे ना हे आधी बघायचं, नाहीतर पहिल्यापासून सगळंच नापास होईल.

प्रत्येक फेरी व्हालग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवा, सभासदांची फाइल दहा-वीस नावांचीच पुरे. ॲरेची सुरुवातीची क्षमता ४ ठेवा, म्हणजे रिॲलॉकची वाटही चाचणीत येते. प्रत्येक फेरीत तीन गोष्टी बघायच्या: क्रॅश नाही, परतीचा कोड शून्य नाही, आणि हरवलेली मेमरी शून्य बाइट. जीसीसी १० पासून आलेला ‘एफ-ॲनालायझर’ हा पर्याय प्रोग्राम न चालवताच काही न तपासलेले पॉइंटर दाखवतो, तोही लावून ठेवा. फक्त मॅलॉक करून लगेच फ्री करणारा प्रोग्राम चाचणीला घेऊ नका. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपाइलर ती मागणीच काढून टाकू शकतो आणि तपासणी यशस्वी झाली असं मानतो.

नापास_क्रमांक एकेकाने वाढवत न्या. ज्या फेरीत तो क्रमांक येण्याआधीच यादी नीट छापून प्रोग्राम शून्य कोडने संपतो, तिथे लूप थांबवा.